पानगळीतला पाचोळा उचलण्याची सेवा: कोणती पद्धत खरी कामाची?

पानगळ सुरू झाली की नगरपालिकेचं पत्रक येतं: अमुक आठवड्यापासून पाचोळा उचलला जाईल. या एका ओळीमागे चार निरनिराळ्या सेवा असू शकतात. सुटा ढीग खेचून घेणारी सक्शन गाडी, भरलेल्या पिशव्या उचलणारी गाडी, बागकचऱ्याचा चाकांचा डबा, आणि रहिवाशांनी स्वतः नेऊन टाकायचं संकलन केंद्र. चारही पद्धतींत पाचोळा अंगणातून जातो, त्यामुळे त्या सारख्याच वाटतात. तशा त्या नाहीत. इथे त्यांना दोन कसोट्या लावल्या आहेत. पाऊस आला तेव्हा पाचोळा रस्त्याच्या कडेला भिजत पडला होता का, आणि उचललेल्या पाचोळ्याचं स्वच्छ खत होऊ शकतं का. रस्ता किती झटपट चकाचक दिसतो याला आम्ही फार महत्त्व दिलेलं नाही.

सक्शन गाडीची सेवा रहिवाशांची सगळ्यात लाडकी असते आणि ते स्वाभाविकच आहे. पिशवी नको, डबा नको. दंताळ्यानं पाचोळा पुढच्या कडेला ओढून ठेवला की आपलं काम संपलं. गाडीला जाड लवचीक नळ असतो, आतला पंखा पानं खेचून घेतो, वाटेत त्यांचा चुरा होतो आणि तो मागच्या बंद पेटीत दाबून बसतो. पानं कोरडी असली तर अंगणभराचा ढीग काही मिनिटांत नाहीसा होतो. ओली पानं मात्र एकमेकांना चिकटून थरांनी उचलली जातात आणि नळात बोळा होऊन अडकतात. फांद्यांचे तुकडे आडवे बसतात, दगड पंख्याची पाती वाकवतात. प्रत्येक वेळी गाडी थांबवून, पंखा बंद करून नळ मोकळा करावा लागतो, आणि वेळापत्रक कोलमडतं ते बहुतेक याच कारणानं. ढिगात फांद्या, कुंड्यांतली माती, दगड किंवा छाटलेलं कुंपण घालू नका असं पत्रकात लिहिलेलं असतं, ते म्हणूनच.

पण या पद्धतीचा खरा दोष गाडीत नाही. गाडी येईपर्यंत ढीग जिथे पडून राहतो, दोष तिथे आहे. बहुतेक लोक तो रस्त्यावर, पदपथाच्या कडेला लावतात. पावसाचं पाणी नेमकं तिथूनच वाहतं. पाणी पानांतून झिरपत जातं, वाहनांच्या चाकांखाली पानं चिरडली जातात, आणि त्यांतला विद्राव्य फॉस्फरस थेट पावसाळी गटारात उतरतो. बऱ्याच गावांत हे गटार प्रक्रिया न होता नदीला किंवा तळ्याला मिळतं आणि तिथे शेवाळ फोफावतं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात याचं मोजमाप केलं आणि 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाऊस येण्याआधी रस्त्यावरची पानं नेमानं काढली, तेव्हा पानगळीच्या दिवसांत वाहून जाणारा एकूण फॉस्फरस 84 टक्क्यांनी आणि नायट्रोजन 74 टक्क्यांनी घटला. पानं तशीच राहिली तिथे हिवाळा वगळता वर्षभरातल्या फॉस्फरसपैकी 56 टक्के एकट्या पानगळीतून आला. पानं काढली तिथे हाच वाटा 16 टक्क्यांवर होता. म्हणजे ‘किती उचललं’ यापेक्षा ‘पावसाआधी उचललं का’ हा प्रश्न मोठा आहे.

म्हणून सक्शन सेवा वापरायची असेल तर ढीग रस्त्यावर लावू नये. पदपथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्टीवर किंवा अंगणाच्या आतल्या कडेला लावावा. नळ तिथवर पोचेल का, हे नगरपालिकेला आधी विचारून घ्यावं. ढीग लांबट आणि रस्त्याला समांतर असावा, म्हणजे गाडी सरकत जाते तसा नळही सरकतो. गटारावरची जाळी, विजेचा खांब, अग्निशमनाचा नळ आणि उभी केलेली वाहनं यांपासून तो लांब हवा. गवतावर ढीग आठवडाभराहून जास्त राहू देऊ नये. खालचं गवत गुदमरून पिवळं पडतं.

सुरक्षेचे दोन मुद्दे पत्रकात बारीक अक्षरांत असतात, ते ठळक हवेत. कोरड्या पानांवर पेट्रोलची मोटार उभी करू नये. खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा भाग) काही शे अंश तापलेला असतो आणि पानं पेट घेऊ शकतात. आणि रस्त्यावरच्या पानांच्या ढिगातून गाडी कधीही नेऊ नये. मुलं अशा ढिगांत खेळतात, लपतात.

पिशव्यांची सेवा जास्त मेहनतीची आहे आणि आमच्या मते जास्त चांगली. पाचोळा बांधलेला राहतो, पाऊस आला तरी फारसा पाझरत नाही, वाऱ्यानं पसरत नाही, आणि रस्त्यावरची घाण त्यात मिसळत नाही. मात्र पिशवी कोणती यावर सगळं अवलंबून आहे. दोन पदरी जाड कागदाची, साधारण 110 लिटरची पिशवी सर्वांत भरवशाची. पाचोळ्यासकट ती खतात जिरते, फोडून रिकामी करावी लागत नाही. तिची तळाची घडी ओल्या जमिनीवर रात्रभर राहिली की मऊ पडते आणि उचलताना तळ सुटतो. विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवल्यास हा प्रश्न येत नाही. पिशवी पाऊण भरावी आणि तोंडाच्या दोन घड्या घालाव्यात. चिकटपट्टी लावू नये, ती खतात प्लास्टिक म्हणूनच उरते. भरताना पिशवीचं तोंड मिटत राहतं. त्यासाठी जाड पुठ्ठ्याचा गोल गुंडाळलेला तुकडा आत उभा करावा, तो फुलून बसतो, पानं सरळ आत जातात आणि शेवटी पुठ्ठा ओढून काढता येतो. ओली पानं कोरड्यांच्या कितीतरी पट जड असतात. भरलेली पिशवी एका माणसाला दोन हातांनी सहज हलवता यायला हवी, नाहीतर गाडीवरचा कामगार ती तिथेच सोडून जाईल, आणि त्याचं बरोबरच आहे.

‘कंपोस्ट होणाऱ्या’ पातळ पिशव्यांबद्दल बराच घोळ आहे. युरोपातलं ईएन 13432 हे मानक सांगतं की औद्योगिक कंपोस्टिंगच्या स्थितीत 12 आठवड्यांत पिशवीचे इतके तुकडे व्हावेत की 2 मिलिमीटरच्या चाळणीवर तिचा 10 टक्क्यांहून जास्त भाग उरू नये, आणि सहा महिन्यांत किमान 90 टक्के जैविक विघटन व्हावं. ही कसोटी तापलेल्या कारखान्यातल्या ढिगाची आहे. परसातल्या थंड ढिगात तीच पिशवी दीर्घकाळ तशीच राहू शकते. शिवाय गावाचं कंपोस्ट केंद्र कमी दिवसांत खत काढत असेल तर मानक पाळणारी पिशवीसुद्धा पूर्ण जिरत नाही. त्यामुळे काही केंद्रं अशा पिशव्या सरसकट वेगळ्या काढतात. ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ लिहिलेली पिशवी तर घेऊच नये. ती विरत नाही, तिचा प्लास्टिकचा भुगा होतो. युरोपीय संघानं 2021 पासून असं प्लास्टिक बाजारात आणायला बंदी केली आहे. साध्या काळ्या पिशव्या चालतील असं पत्रकात म्हटलेलं असेल, तर पुढे पाचोळ्याचं काय होतं हे जरूर विचारा. पिशव्या फोडायची सोय नसेल तर तो कचऱ्याच्या भरावाच्या जागेवर जात असण्याचीच शक्यता जास्त.

चाकांच्या डब्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वर्षभराच्या बागकचऱ्यासाठी तो उत्तम, पानगळीत अपुरा. 240 लिटरचा डबा मोठ्या झाडाखाली अर्ध्या तासात भरतो. पानांवरून आधी गवत कापायचं यंत्र फिरवलं की आकारमान खूप घटतं आणि डबा पुरतो. पाय देऊन ठासू नये. डबा उलटा होतो तेव्हा दाबलेला ओला गठ्ठा तळाशी चिकटून राहतो आणि डबा अर्धा भरलेलाच परत मिळतो. तळाशी थोड्या काड्या घातल्या तर गठ्ठा सुटतो.

संकलन केंद्र हा ज्यांच्याकडे वाहन आहे त्यांच्यासाठी सर्वांत लवचीक मार्ग. पाळी चुकली तरी तिथे दार उघडं असतं. पानं पिशवीपेक्षा जुन्या चादरीत किंवा ताडपत्रीत नेणं सोयीचं. चारी टोकं बांधून न्यायची, ढिगावर झटकायची, ताडपत्री परत आणायची. तिथे कर्मचारी हजर असेल तर खताचा दर्जा सहसा चांगला राहतो, कारण प्लास्टिकच्या कुंड्या आणि दोऱ्या तिथल्या तिथे वेगळ्या होतात.

आता वेळापत्रक. सेवा चांगली की वाईट हे इथेच ठरतं आणि नेमकं इथेच पत्रक सगळ्यात मोघम असतं. सगळी झाडं एकदम पानं टाकत नाहीत. ॲश आणि लिंडन लवकर मोकळे होतात, मेपल मध्यावर, ओक उशिरा. कोवळे ओक आणि बीच तर वाळलेली पानं वसंतापर्यंत अंगावर धरून ठेवतात. गिंको कडक थंडीच्या एका रात्रीनंतर जवळजवळ सगळी पानं दिवसाभरात खाली टाकतो. ओकची झाडं असलेल्या वस्तीत एकच फेरी मध्यावर ठेवली तर निम्मा पाचोळा ती गेल्यावर पडतो. म्हणून किमान तीन फेऱ्या हव्यात आणि शेवटची फेरी त्या वस्तीतल्या सर्वांत उशिरा गळणाऱ्या झाडानुसार ठरायला हवी. पत्रकात गल्लीनिहाय तारखा, ढीग किंवा पिशवी कधी बाहेर ठेवायची ती वेळ, पावसामुळे पाळी पुढे गेली तर ते कुठे कळेल, आणि काय घेणार नाहीत, एवढं असलं पाहिजे. ‘हवामानानुसार’ एवढंच लिहून थांबणाऱ्या पत्रकामुळे ढीग तीन-तीन आठवडे रस्त्यावर राहतात. आपण आपल्यापुरतं एक करावं. पिशव्या आदल्या संध्याकाळीच बाहेर ठेवाव्यात, आणि दोन दिवसांत मोठा पाऊस सांगितला असेल तर रस्त्याच्या कडेची पट्टी आधी ओढून घ्यावी, हिरवळ मागाहून. जाळीवरची पानं दंताळ्यानं बाजूला ओढून उचलावीत, जाळीतून आत ढकलू नयेत. जाळी स्वतः उचलायला जाऊ नये. ती फार जड असते आणि ते नगरपालिकेचं काम आहे.

उचललेल्या पाचोळ्याचं पुढे काय होतं हे विचारणारे रहिवासी थोडे, पण सेवेचं निम्मं मूल्य तिथे आहे. वाळक्या पानांत कार्बन भरपूर आणि नायट्रोजन थोडा, साधारण 40 ते 80 भागांना 1. चांगल्या कंपोस्टला सुरुवातीला 25 ते 30 भागांना 1 लागतो, म्हणून केंद्रावर पानांत कापलेलं ताजं गवत मिसळतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांत रोगजंतू मारण्यासाठी उघड्या रांगांतला ढीग 55 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानावर 15 दिवस ठेवून त्या काळात किमान पाचदा उलटा करण्याची अट आहे, आणि बऱ्याच ठिकाणी हाच मापदंड धरतात. घरच्या ढिगाला इतकी उष्णता सहसा येत नाही. म्हणून हॉर्स चेस्टनटची पान पोखरणाऱ्या अळीनं करपलेली पानं, खवड्या पडलेल्या सफरचंदाच्या झाडाची पानं आणि काळे ठिपके आलेली गुलाबाची पानं सेवेलाच द्यावीत. हे कीड-रोग गळलेल्या पानांतच हिवाळा काढतात आणि वसंतात परत झाडावर चढतात. रस्ता झाडणाऱ्या यंत्राचा पाचोळा मात्र यात मिसळता कामा नये. त्यात टायरची झीज, तेल आणि जड धातू असतात. तो वेगळा ठेवतात का, हा प्रश्न नगरपालिकेला लेखी विचारण्यासारखा आहे. तयार खत वसंतात रहिवाशांना परत देणारी सेवा आम्ही निःसंकोच वरच्या क्रमांकावर ठेवू.

निरोगी पानं सगळीच्या सगळी देऊन टाकायची गरज नाही. हिरवळीवर विरळ थर असेल आणि खालचं गवत दिसत असेल, तर यंत्रानं चुरा करून तिथेच सोडावा. झुडपांखालची पानं हलवूच नयेत, कीटक आणि छोटे प्राणी तिथे हिवाळा काढतात. उरलेल्यांसाठी कोंबडीजाळीचा एक मीटर व्यासाचा पिंप उभा करावा, पानं ओली करून दाबून भरावीत. हे काम बुरशीचं असतं, उष्णतेचं नाही, म्हणून ढीग तापला नाही तरी काळजी नसावी. कोरडा मात्र पडू देऊ नये, कोरड्या ढिगात वर्षभरानंतरही पानं जशीच्या तशी निघतात. साधारण वर्षभरात झाडांखाली पसरण्याजोगं आणि दोन वर्षांत रोपांच्या मिश्रणात चाळून घालण्याजोगं लीफ मोल्ड, म्हणजे कुजलेल्या पानांचं खत, मिळतं. ओक आणि बीचला जास्त वेळ लागतो. हॉली, लॉरेलची जाड पानं आणि पाइनच्या सुया वेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर सगळा पिंप त्यांच्यासाठी अडून राहतो.

शेवटची फेरी हुकली तर ढीग रस्त्यावर सोडू नये आणि जाळूही नये. पाचोळ्याच्या, त्यातही ओल्या पाचोळ्याच्या, धुरात सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतात, आणि अनेक ठिकाणी पाचोळा जाळण्यावर बंदीही आहे. ताडपत्रीखाली अंगणाच्या आतल्या कोपऱ्यात ठेवून संकलन केंद्राच्या हिवाळी वेळा पाहाव्यात. हिवाळ्यात ही केंद्रं लवकर बंद होतात किंवा आठवड्यातले मोजकेच दिवस उघडी असतात.