निवडणुकीआधी एकच पुस्तक वाचायचं असेल तर

निवडणूक जवळ आली की नाशिकमध्ये मिसळीच्या टेबलापासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत वाद पेटतात, पण मत कुणाचंच हलत नाही. असं का, हे उत्क्रांतीच्या अंगाने समजून घ्यायचं तर दोन पुस्तकं आहेत: जोनाथन हाइट यांचं ‘द रायटियस माइंड’ (२०१२) आणि केविन सिमलर व रॉबिन हॅन्सन यांचं ‘द एलिफंट इन द ब्रेन’ (२०१८).

मत आधी ठरतं, कारणं मागाहून जुळवली जातात, यावर दोन्हींचं एकमत आहे. हाइट ते प्रयोगातून दाखवतात. घरचं कुत्रं गाडीखाली मेलं, घरच्यांनी ते शिजवून खाल्लं, कुणी पाहिलं नाही. यात चुकलं काय? अमेरिका आणि ब्राझीलमधल्या अनेकांनी ‘चूकच’ म्हटलं आणि मग नुकसान कुणाचं झालं ते शोधू लागले. हाइट १९९३ मध्ये भुवनेश्वरला राहिले होते. पावित्र्य, थोरामोठ्यांचा मान, गटाशी इमान यांनाही ते नीतीत धरतात. म्हणून आपल्या घरातले वाद त्यांच्या पुस्तकात लगेच ओळखू येतात.

सिमलर-हॅन्सन जास्त कठोर आहेत. माणूस आपले हेतू स्वतःपासूनच लपवतो, कारण स्वतःला पटलेलं खोटं दुसऱ्याच्या गळी सहज उतरतं. ही मूळ कल्पना उत्क्रांती-जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांची. सिमलर-हॅन्सन यांच्या लेखी मतदानसुद्धा बरंचसं आपल्या गटाला दाखवलेली निष्ठाच. राजकारणाला मात्र एकच प्रकरण दिलंय.

आता आपला कांदा घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि २०२४ च्या लोकसभेत कांद्याच्या पट्ट्यातल्या दिंडोरीची जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेली. निव्वळ निष्ठेच्या चष्म्यातून पाहिलं, तर भाव पडल्याचा राग कुठे बसवायचा? हाइटही स्वार्थाला फार वजन देत नाहीत, पण ‘शेतकऱ्यावर अन्याय झाला’ ही सामूहिक भावना त्यांच्या मांडणीत नीट बसते. इथे मला तेच सरस वाटतात. त्यांच्या पुस्तकाच्या तिसऱ्या भागातली गटनिवड, म्हणजे एकजुटीचे गट टिकतात आणि म्हणून गटाच्या फायद्याचे स्वभाव उत्क्रांतीत रुजतात ही कल्पना, मात्र अनेक जीवशास्त्रज्ञांना मान्य नाही. तो भाग जपून वाचावा.

वेगळ्या पक्षाला मत देणाऱ्या भावाशी, मेहुण्याशी बोलणं तुटू द्यायचं नसेल, तर हाइट घ्या. स्वतः एखाद्या पक्षाचं काम करत असाल, तर सिमलर-हॅन्सन आधी: आत्मवंचनेवरचं पाचवं प्रकरण, मग थेट राजकारणावरचं सोळावं.