आठ महिने मोठ्याने वाचल्यावर

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. वाचन बंद म्हणून त्यांची चिडचिड व्हायला लागली, तेव्हा रात्रीची जेवणं उरकली की मी त्यांना वाचून दाखवायला लागले. डोळे बरे झाले तरी सवय सुटली नाही. आठ महिन्यांत तीन पुस्तकं हाती घेतली. पुस्तक मोठ्याने वाचलं की त्याची भाषा खरी कळते, असं माझं आता पक्कं मत झालंय. मनात वाचताना डोळा पुढे सरकतो, तोंडाने वाचताना अडखळायला होतंच.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात मी एकदाही अडखळले नाही. 1934 पासून भागाभागाने आलेलं हे पुस्तक, पण वाक्यं अशी की शेजारची बाई ओट्याशी उभी राहून सांगतेय. पहिल्याच प्रकरणात वडिलांचं सोवळं येतं. आजोबांना 1857 च्या बंडात फाशी झाली, त्या धक्क्यातून वडिलांना सोवळ्याने ग्रासलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात नाही. ऐकताना आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या. "त्या घरातल्या बायकांचे हात पाण्याने कुजले असतील गं," म्हणाल्या. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

लक्ष्मीबाई मूळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका. नाशिकच्या गंगापूर रोडने आम्ही एरवी कितीदा जातो, पण हे गाव तिचं म्हणून कधी बघितलं नव्हतं. एका रविवारी आईंना घेऊन गेले, गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठाशी जरा वेळ बसलो. 1895 साली तिचे यजमान, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले, त्यानंतरच्या ताटातुटीची पानं आम्ही सलग चार रात्री वाचली. आईंचं म्हणणं असं, की या बाईने नवऱ्याला कुठे वाईट ठरवलं नाही आणि देवही केलं नाही. यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही. संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण माझं ऐका, संपूर्णच घ्या. तिच्या बारीकसारीक आठवणींतच सगळा जीव आहे.

तक्रार आहे ती प्रतीबद्दल. एवढं जाड पुस्तक नुसत्या गमावर चिकटवलेलं. तिसऱ्या महिन्यात मधली वीसेक पानं हातात आली. पैसे मोजून घेतलेलं पुस्तक असं सुटलं की वाईट वाटतं. शेवटी रविवार कारंज्याजवळ एका बाइंडरकडून दोऱ्याने शिवून, पाठीला कापड लावून घेतलं. आता ते मांडीवर सपाट उघडं राहतं. विकत घेताना पाठ जरूर बघा.

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (1939) सावानातून, म्हणजे सार्वजनिक वाचनालयातून आणलं. युरोपातून मुंबईला येणारी बोट, चक्रधर आणि हॅर्टा. मोठ्याने वाचायला ते मला जमलं नाही. त्यातली घालमेल आपली आपण सोसायची आहे. निम्म्यावर आईंना सांगून टाकलं आणि उरलेलं एकटीने वाचलं. मला फार आवडलं.

सध्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' संपत आलीय. वाडीतला तरुण मास्तर, धनगर, मेंढरं. बोली माणदेशी, तरी आईंना एकही शब्द समजावावा लागला नाही. त्यांचं माहेर सिन्नर तालुक्यातलं. दुष्काळ आला, मेंढरं मरायला लागली, तसं त्यांनी मला थांबवलं. 1972 ला त्या पंधरा वर्षांच्या होत्या, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. "मिलोची, त्या बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी तोंडात नुसती फिरायची, गिळवायची नाही. आमच्या दादाने बैल विकले त्या दिवशी कोणीच जेवलं नाही." पंचवीस वर्षं मी या घरात आहे, बैलांचं मला माहीत नव्हतं. पुस्तक मिटून ठेवलं.

सकाळी मेथी निवडताना त्यांनीच विचारलं, "मास्तराचं पुढं काय झालं गं?"