पावसाळ्यात घर कोरडं ठेवायला काय घ्यावं: एक्झॉस्ट, एसी की डिह्युमिडिफायर?

जुलैत फोंड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाट उघडलं की आधी कुबट वास येतो, मग पट्ट्याच्या चामड्यावर धरलेली पांढरट बुरशी दिसते. चवथीला नेसायची रेशमी साडी काढावी, तर घडीवर ठिपके. 'हवा खेळती ठेवा' असं सगळेच सांगतात. पण बाहेरचीच हवा ओलीचिंब असेल, तर ती घरात खेळवून काय साधणार?

म्हणून आधी ओल कुठून येते ते बघा. बरीचशी आपणच तयार करतो. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन घरात येतं. धुतलेले कपडे आत वाळत घातले की आणखी लिटर-दोन लिटर. त्यात अंघोळीची आणि पेजेची वाफ.

या ओलीवर एक्झॉस्ट फॅनइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही. न्हाणीत अंघोळीनंतर अर्धा तास तो चालू ठेवा. दाराखाली बोटभर फट हवीच. आत यायला हवाच नसेल, तर पंखा नुसता घरघरत राहतो. बाहेरच्या बाजूला झडप असलेलाच घ्या, नाहीतर तिथूनच पाऊस आत येतो. मात्र तो दिवसभर चालवू नका: जेवढी हवा बाहेर जाते, तेवढीच बाहेरची ओली हवा आत येते.

बाहेर 27 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असली, तर त्या हवेतली वाफ साधारण 25 अंशांवरच पाणी होऊ लागते. एसीने 22 अंशांवर आणलेल्या खोलीची खिडकी उघडली की लाद्यांना घाम फुटतो, तो यामुळेच. एसीचा ड्राय मोड पाणी काढतो, पण पावसाळी रात्री खोली लवकर गार होते, कॉम्प्रेसर मंदावतो आणि गारठाही राहतो, ओलही राहते. घरात एसी असेलच तर 26 वर ठेवा. फक्त ओलीसाठी नवा घेऊ नका.

कपाटांच्या खोलीसाठी माझं मत डिह्युमिडिफायरला, म्हणजे हवेतली ओल ओढून तिचं पाणी टाकीत साठवणाऱ्या मशीनला. दारं-खिडक्या बंद ठेवून आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली आणली की बुरशी वाढत नाही. खोली थोडी तापते, वीजही लागते. टाकी भरली की मशीन थांबतं, म्हणून नळी जोडून पाणी थेट न्हाणीत सोडता येईल असंच मॉडेल बघा. थंडीत त्याची गरज नाही, तेव्हा खिडक्या उघडा.

पैसे घालण्यापूर्वी एक करा. ओलसर भिंतीवर हातभर प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टीने लावा आणि एक दिवस थांबा. थेंब आपल्या बाजूला धरले तर ओल हवेतली. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडून धरले तर पाणी भिंतीतूनच येतंय. तिथे कुठलंही मशीन कामाचं नाही, आधी बाहेरचं प्लास्टर आणि गच्ची बघायला गवंडी बोलवा.