स्टेटस पान, एसएस की ग्राफ? छोट्या वेबसर्व्हरवर नजर ठेवायची तर

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रात्री साडेआठला मामांचा फोन आला. "अरे, साइट नुसती गोल गोल फिरतेय, उघडतच नाही!" इंदुरात सराफ्याजवळ त्यांचं नमकीनचं दुकान आहे, आणि शेव-मिक्श्चरच्या ऑनलाइन ऑर्डरी एका भाड्याच्या सर्व्हरवर येतात. टॉप (सर्व्हरवरचा भार दाखवणारी आज्ञा) लावून पाहिलं तर सीपीयू जेमतेम ८ टक्के. सर्व्हर निवांत आणि गिऱ्हाईक बाहेर ताटकळलेलं.

त्यामुळे "थ्रेड आणि कनेक्शनवर लक्ष ठेवायला काय बसवू?" असं कोणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो: आत्ता काय अडलंय ते बघायचंय, की काल रात्री काय झालं ते?

'आत्ता'साठी पहिली निवड अपाची या वेबसर्व्हरचं स्टेटस पान. त्याचं मॉड स्टेटस हे मॉड्यूल चालू केलं की प्रत्येक कामगार (विनंती हाताळणारी प्रोसेस किंवा तिच्यातला थ्रेड) काय करतोय ते एकेका अक्षरात दिसतं: डब्ल्यू म्हणजे उत्तर देतोय, आर म्हणजे विनंती वाचतोय, के म्हणजे कीपअलाइव्ह, पुढच्या विनंतीसाठी उघडं ठेवलेलं कनेक्शन. हा 'के' म्हणजे खाऊन झालं तरी रिकामा दोना हातात धरून गाड्यापाशीच उभं असलेलं गिऱ्हाईक. अपाची २.४ मध्ये त्याला मुळात ५ सेकंद उभं राहू देतात. अपाची चालवायच्या प्रीफोर्क पद्धतीत तेवढा वेळ अख्खा कामगार अडकतो, इव्हेंट पद्धतीत अडकत नाही. (प्रीफोर्कमध्ये थ्रेड नसतातच, प्रोसेस असतात. तिथे थ्रेड मोजत बसू नका.) एंजिनएक्स या दुसऱ्या वेबसर्व्हरचं स्टब स्टेटस पान मात्र चार ओळींचं, कोण कुठे अडकलंय ते सांगत नाही. पण त्यातले 'अ‍ॅक्सेप्ट्स' आणि 'हँडल्ड' (स्वीकारलेली आणि हाताळलेली कनेक्शनं) हे दोन आकडे सारखे नसतील तर कसली तरी मर्यादा संपली आहे, एवढं नक्की कळतं.

या पानाची खोट मला त्याच रात्री कळली. ते पानही त्याच कामगारांकडून येतं. सगळे १५० अडकले होते, त्यामुळे गरज होती नेमकी तेव्हाच ते उघडेना. घराची किल्ली घरातच राहिल्यासारखं!

मग एसएस, लिनक्सवर सगळी कनेक्शनं दाखवणारी आज्ञा. एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत शिरता आलं तर हिला वेबसर्व्हरची गरज नाही, ती थेट कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, विचारते. नेटस्टॅट या जुन्या आज्ञेची सवय असेल तर सोडा. कनेक्शन हजारांत गेली की ते रेंगाळतं. ऐकणाऱ्या, म्हणजे नवी कनेक्शनं घेणाऱ्या, पोर्टांची यादी मागितली तर ४४३ (एचटीटीपीएसच्या) पोर्टापुढे रिसीव्ह-क्यू १२९ आणि सेंड-क्यू १२८. ऐकणाऱ्या पोर्टाच्या बाबतीत पहिला आकडा दारातल्या रांगेचा, दुसरा रांगेच्या मर्यादेचा. रांग तुडुंब भरलेली. (जुन्या लिनक्सवर ही मर्यादा मुळात १२८ असते, कर्नल ५.४ पासून ४०९६.) खरी गोम बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांत निघाली: शंभरावर जोडण्या एकाच पत्त्याकडे, पैसे घेणाऱ्या गेटवेकडे. तिकडून उत्तर येत नव्हतं आणि आमच्या कोडात टाइमआउटच नव्हता. कामगार कोणाची वाट बघतोय हे स्टेटस पान कधीच सांगत नाही. १० सेकंदांचा टाइमआउट घातला, काम झालं.

एसएस वाचताना टाइम-वेट (आपल्याकडून बंद झालेली, पण नोंद थोडा वेळ उरलेली कनेक्शनं) बघून घाबरू नका. लिनक्सवर ती ६० सेकंदांत आपोआप मिटतात. क्लोज-वेट मात्र वाढत गेली तर तुमच्याच प्रोग्रॅमचा दोष: गिऱ्हाईक कधीच निघून गेलं, पण कोणी प्लेट उचललेली नाही.

टॉमकॅट (जावाचा वेबसर्व्हर) असेल तर एसएससोबत जेस्टॅक हवंच; प्रत्येक थ्रेड कोडाच्या कुठल्या ओळीवर आहे त्याचा उतारा, म्हणजे डंप, ते देतं. टॉमकॅटचे थ्रेड मुळात २०० असतात. दहा-दहा सेकंदांनी तीन डंप घ्या. तिन्हीत विनंती हाताळणारा तोच थ्रेड त्याच ओळीवर दिसला की चोर बहुधा सापडला.

तिसरा पर्याय प्रोमेथियस (आकडे साठवणारा) आणि ग्राफाना (त्यांचे ग्राफ काढणारा). 'काल रात्री'चं उत्तर यांच्याकडेच; प्रोमेथियस मुळात १५ दिवसांचा हिशेब ठेवतो. पण अर्धा दिवस मांडणीत जातो, मेमरी लागते आणि शक्यतो दुसरी मशीन लागते, कारण त्याच सर्व्हरवर बसवलं तर तो पडेल तेव्हा ग्राफही पडेल. आकडे दर १५ सेकंदांनी घेतले तरी ५ सेकंदांची कोंडी निसटू शकते. आणखी एक गंमत: अपाचीचे आकडे शेवटी त्या स्टेटस पानावरूनच येतात, म्हणजे कोंडीच्या वेळी ग्राफमध्ये रेघ तुटलेली दिसणार. नोड एक्स्पोर्टर, म्हणजे मशीनचे आकडे प्रोमेथियसला देणारा प्रोग्रॅम, वेगळा चालतो, पण त्याचा टीसीपीस्टॅट भाग मुळात बंद असतो. तो चालू केल्याशिवाय क्लोज-वेटची संख्या मिळत नाही. हे मला दोन संध्याकाळी घालवून कळलं.

तुमचे चार-पाच सर्व्हर असतील किंवा रात्री फोन उचलणारे दोघं-तिघं असतील, तर ग्राफ बसवाच. एकच सर्व्हर असेल तर स्टेटस पान चालू करा आणि एसएस हाताशी ठेवा. पान फक्त लोकलहोस्टला, म्हणजे सर्व्हरच्या आतूनच, दिसेल असं बघा; उघडं राहिलं तर कोण कुठून कुठलं पान मागतंय ते जगाला दिसतं.

मामांच्या सर्व्हरवर मी मधला मार्ग काढलाय. क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा) दर मिनिटाला एसएसचा निकाल वेळेसकट फाइलमध्ये लिहितो, दहा दिवसांपेक्षा जुन्या फाइली पुसतो. साइट अडली की मामा आता फक्त वेळ सांगतात, "आठ बावन्नला बघ," आणि मी ती ओळ काढतो.