आमच्या गल्लीतील बेघर निवारा : एका शेजाऱ्याचा अभिप्राय
पुणे स्टेशनाजवळच्या आमच्या गल्लीत हा निवारा सुरू झाला तेव्हा विरोधाच्या अर्जावर मीही सही केली होती. दीड वर्षानंतर सांगायचे तर आतली व्यवस्था चोख आहे, चादरी धुतलेल्या असतात आणि सामानासाठी प्रत्येकाला कुलपाची पेटी मिळते. दर १ लाख शहरी लोकसंख्येमागे चोवीस तास उघडा असा १ निवारा हवा, हा केंद्र सरकारच्या, २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता, तरी येथे सकाळी आठला सर्वांना बाहेर काढतात, मग माणसे दिवसभर आमच्याच जिन्यावर बसतात आणि वेळापत्रकावरचा राग शेजारी त्यांच्यावर काढतात. रात्रीचा रखवालदार मात्र दारू पिऊन आलेल्यालाही हाकलत नाही, दाराजवळच्या वेगळ्या खाटेवर निजवतो. कोपऱ्यावरचा दिवा तेवढा अजून बंद आहे.