बडोद्याचा तबला कोर्स: पोराला पाठवावं का?

तबल्यात डिग्री करून पुढे काय, हे नातेवाईक सारखं विचारतात, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते. मी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव म्हणजे एमएस युनिव्हर्सिटीच्या परफॉर्मिंग आर्ट्समधून तबला केलाय, सूरसागर तलावाजवळची फॅकल्टी. कुणाचं पोरगं खरंच तबल्यात रमत असेल तर बिनधास्त पाठवा.

माझं मुख्य कारण म्हणजे सुधीरकुमार सक्सेना सर. ते २००७ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्यासमोर बसायचं भाग्य मला नाही मिळालं, पण आमच्या हातात जे आलं ते त्यांच्याच शिष्यांकडून. सर मूळचे अलीगढचे, तबल्याच्या अजराडा घराण्याच्या उस्ताद हबीबुद्दीन खाँसाहेबांचे शागीर्द, आणि युनिव्हर्सिटी सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा १९५० मध्ये इथे शिकवायला आले. जी विद्या उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं राहून मिळवायची ती आता तासाची घंटा वाजली की सुरू आणि घंटा वाजली की बंद, वर परीक्षा, मार्क, सिलॅबस, हे सगळं त्यांनी निभावलं आणि स्वतःचा सोलो वाजवणंही सोडलं नाही. मला त्यांच्या करिअरमधली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, कारण नोकरी लागली की हात थंड पडलेले मास्तर आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

आता शिकवतात काय ते सांगते. अजराड्याची खरी मजा आडलयीच्या (दीडपट लयीच्या) कायद्यात आहे; कायदा म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, जिचा विस्तार करत जायचं. धागेन, धात्रक असे तीन-तीन अक्षरांचे बोल, खाली तीनतालाच्या सोळा मात्रा तशाच चालू, आणि बायाँवर (डाव्या हाताच्या डग्ग्यावर) मनगट सरकवत घुमारा काढायचा. तो घुमारा नुसता भरीला नसतो हं, बोलाचाच भाग असतो. आम्हाला आधी हातावर ताल देत पढंत करायला, म्हणजे बोल तोंडाने म्हणायला लावायचे, तोंडात बोल बसल्याशिवाय तबल्याला हात नाही. मग एकच कायदा, त्याची दुगुन (दुप्पट लय), पलटे (बोलांची उलटापालट), तिहाई (तीनदा वाजवून संपवायचा तुकडा), हे इतकं घोटून घेतात की झोपेतही बोटं हलायला लागतात, आणि दायाँवर (उजव्या तबल्यावर) अनामिका नीट पडत नसेल तर लयीत असलं तरी परत पहिल्यापासून. वैताग येतो पण हात तयार होतो.

थिअरी आहेच, तालाचे दहा प्राण (म्हणजे तालाची दहा अंगं), भातखंडे आणि पलुस्कर लिपी (ताल-बोल लिहायच्या दोन पद्धती) वगैरे. ते पाठ करून होतं.

शेजारीच गाण्याचे, कथकचे वर्ग असल्याने साथसंगतीला कुणी ना कुणी भेटतंच, हे घरगुती क्लासमध्ये मिळणं अवघड. आणि मराठी लोकांना बडोदा परकं वाटायचं कारणच नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाताखाली इथे गायनशाळा निघाली, आजच्या फॅकल्टीचं मूळ तेच, शिवाय आपल्या गायिका हिराबाई बडोदेकरांच्या आडनावातच हे गाव आहे. गावात मराठी भरपूर बोललं जातं, भाषेमुळे अडत नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो कुठल्याही युनिव्हर्सिटीच्या तबल्याला कापला असता, कारण परीक्षेला इतके ताल तयार ठेवावे लागतात की ऐन वेळी आवडता कायदा बाजूला पडतो. आणि नुसत्या कॉलेजच्या तासांवर कुणी वादक होत नाही, घरी रोज बसावंच लागतं, आईवडिलांनी शेजाऱ्यांची तयारी आधीच करून ठेवा. सरकारी नोकरीच्या आशेने मात्र पाठवू नका, जागा फार कमी निघतात, माझ्या बरोबरचे बहुतेक जण स्वतःचे क्लास आणि साथ यावरच आहेत, मीसुद्धा. ॲडमिशनच्या आधी एकदा पोराला घेऊन जा, कुठल्या तरी गुरुजींना विचारून वर्गात मागे बसू द्या आणि पढंत ऐकताना त्याचा हात मांडीवर आपोआप ताल धरतो का तेवढं बघा.