लहान कारखान्यात ड्रॉइंगची मानकं: वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

भोसरीत आमचं वीस-बावीस माणसांचं युनिट आहे. फिक्श्चर (मशिनिंग करताना जॉब धरून ठेवणारं साधन) आणि छोटी स्पेशल पर्पज मशिन्स (एका ठराविक कामासाठीची मशिन्स) बनवतो. गेल्या दसऱ्यापासून नवीन निघणारं प्रत्येक ड्रॉइंग मानकाप्रमाणेच काढायचं असं ठरलं. जुनी ड्रॉइंग रिपीट ऑर्डर आली की तेवढ्यापुरती बदलत गेलो. ज्यांच्याकडे दोन-तीन डिझायनर आहेत आणि निम्मं मशिनिंग बाहेर जातं, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

निकाल आधीच सांगतो. फायदा झाला, पण तो झाला मुख्यतः गेटच्या बाहेर. शॉपमध्ये फिटरला काही अडलं तर तो ड्रॉइंग घेऊन डिझायनरच्या टेबलाशी येतो, दोन मिनिटांत विषय संपतो. चाकणच्या व्हेंडरचा रात्रपाळीचा ऑपरेटर कुणाला विचारणार? त्याच्यासाठी कागद हाच डिझायनर. आणि या कामात सगळ्यात जास्त उपयोग झाला तो जीडीअँडटीचा (आकार आणि जागेतली सूट चिन्हांनी दाखवायची पद्धत) नव्हे, कुणाचं लक्ष नसतं त्या टायटल ब्लॉकचा (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली नाव-नंबरची चौकट).

सुरुवातीला भारतीय मानक ब्युरोचं एसपी ४६ हे २००३ सालचं पुस्तक घेतलं. ते शाळा-कॉलेजांसाठी आहे, पण रेषा, सेक्शन, मापं देण्याची पद्धत हे सगळं एका जागी मिळतं. जनरल टॉलरन्सला (ज्या मापापुढे वेगळं काही लिहिलेलं नाही, त्यात किती फरक चालेल ती सरसकट सूट) आयएस म्हणजे भारतीय मानक २१०२ भाग १, म्हणजेच आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २७६८-१. फिटसाठी, म्हणजे शाफ्ट भोकात किती सैल किंवा घट्ट बसेल यासाठी, आयएस ९१९. अमेरिकन ग्राहक असेल तर एएसएमई वाय १४.५ हे अमेरिकन मानक, आणि दोन पद्धती एका शीटवर मिसळायच्या नाहीत हा नियम.

पहिला उपयोग अक्षरांच्या उंचीत दिसला, हे आम्हालाही अपेक्षित नव्हतं. आमच्याकडे ए३ ड्रॉइंग सर्रास ए४ वर छापली जातात. २.५ मिलिमीटरचं अक्षर मग पावणेदोनवर येतं. त्यावर तेलाचा हात लागला की ३ चा ८ व्हायला वेळ लागत नाही. मानकात २.५, ३.५, ५, ७ अशा उंच्या आहेत, प्रत्येक आधीच्या सुमारे १.४ पट, आणि कागदाचे आकारही त्याच पटीत. ३.५ ठेवलं की ए४ वर बरोबर २.५ उतरतं. आता सगळी मापं ३.५ मध्ये. या एका बदलावर कुणीही कुरकुर केली नाही.

जनरल टॉलरन्सची नोट हा दुसरा स्वस्त बदल. पूर्वी टॉलरन्स नसलेल्या प्रत्येक मापासाठी फोन यायचा, ‘साहेब, इथे किती चालेल?’ आता मध्यम वर्ग लिहिलेला असतो: ६ मिलिमीटरच्या पुढे ३० पर्यंत ±०.२, १२० पर्यंत ±०.३, ४०० पर्यंत ±०.५. तक्ता शीटवरच छापतो, कारण मानकाचा नुसता नंबर लिहून व्हेंडर ते मानक उघडून बघेल ही अपेक्षा फोल आहे. त्याच मानकात शेवटी एक कलम आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. जनरल टॉलरन्सबाहेर गेलेला जॉब, त्याच्या कामात बाधा येत नसेल तर, आपोआप रिजेक्ट होत नाही, वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. व्हेंडरशी वाद घालण्याआधी हे वाचून ठेवा, तुमच्या क्वालिटीवाल्यालाही वाचायला लावा. आणखी एक: नोटमध्ये ‘एमके’ (‘एम’ हा मापाचा मध्यम वर्ग, ‘के’ हा आकाराचा वर्ग) लिहायची सवय अजून सगळीकडे आहे. त्यातला ‘के’ आयएसओ २७६८ च्या ज्या भाग २ मधून येतो तो मागे घेतला गेला, त्याच्या जागी २०२१ मध्ये आयएसओ २२०८१ आलं. आम्ही ‘के’ काढून टाकला.

फिटच्या बाबतीत थोडी तडजोड केली. शुद्ध पद्धतीने ‘२५ एच७’ (मोठा एच, म्हणजे २५ मिलिमीटरच्या भोकाचा ठराविक टॉलरन्स) एवढंच पुरे. पण ऑपरेटरला मशिनवर आकडा लागतो, तक्ता नाही. म्हणून शेजारी कंसात +०.०२१ / ० लिहितो. जाणकार नाक मुरडतात. मुरडू देत.

आता ज्या मुद्द्यावर खरंच डोकं खाजवावं लागलं तो. एका फिक्श्चरसाठी २० एच६ च्या, साधारण हातभर लांब गाइड रॉड बाहेरून करून घेतल्या. शाफ्टचा छोटा एच, म्हणजे ० ते −०.०१३. मायक्रोमीटर कुठेही लावा, माप आत. पण लांब बुशमध्ये (रॉड ज्यातून सरकते ती नळी) रॉड अर्धी जाऊन अडकायची. व्हेंडर म्हणतो माप बरोबर आहे, आमचा फिटर म्हणतो रॉड वाकडी आहे, आणि दोघंही खरे. आयएसओ ८०१५ प्रमाणे माप आणि आकार या दोन स्वतंत्र अटी. प्रत्येक ठिकाणी व्यास बरोबर असला की मापाची अट पुरी झाली, रॉड सरळ असलीच पाहिजे असं त्या मापातून निघत नाही. एएसएमईमध्ये मात्र नियम क्रमांक १ मुळे उलट आहे: सर्वात मोठ्या मापाला आकारही परिपूर्ण हवा, त्यामुळे कमाल व्यासाची वाकडी रॉड तिथे पास होत नाही. म्हणजे तोच आकडा, तीच सही, पण कोपऱ्यात कुठलं मानक लिहिलंय त्यावर जॉब पास की नापास हे ठरतं. आता अशा प्रत्येक मापापुढे आम्ही वर्तुळातला ‘ई’ (कमाल मापाला आकारही परिपूर्ण हवा अशी अट सांगणारं चिन्ह) घालतो किंवा सरळपणा वेगळा देतो. जीडीअँडटीमधलं हे एवढं शिकलात तरी क्लासची फी वसूल.

बाकी जीडीअँडटीबद्दल माझं मत जरा कडू आहे. पोझिशन टॉलरन्स उत्तम चीज आहे. होलला दोन्ही दिशांना ±०.१ दिलं तर चौकोन मिळतो, आणि त्याच्या कोपऱ्यात गेलेला होल केंद्रापासून ०.१४ लांब असूनही पास होतो. मग बाजूला ०.१२ सरकलेल्याने काय घोडं मारलंय? त्याऐवजी ०.२८ व्यासाचं वर्तुळ द्या, जागा सुमारे ५७ टक्के वाढते आणि जोडणीला काही फरक पडत नाही. पण नवा डिझायनर क्लास करून आला की हळदीकुंकवासारखा प्रत्येक फेसला समांतरता आणि लंबता लावत सुटतो. व्हेंडर फ्रेम (या चिन्हांच्या चौकटी) किती आहेत ते मोजतो, ते सीएमएमवर (तिन्ही दिशांनी मोजणाऱ्या यंत्रावर) मोजावं लागणार हे ओळखतो आणि भाव चढवतो. आमच्याकडे आता नियम आहे: फ्रेम घालणाऱ्याने ती आपल्याकडे कशी मोजणार ते तोंडी सांगायचं. सांगता आलं नाही तर फ्रेम जाते.

टायटल ब्लॉककडे येतो. बाहेरची ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. व्हेंडरच्या मोबाइलमध्ये एकाच जॉबचे तीन फोटो असतात आणि सेटर वरचा उघडतो. जुन्या रिव्हिजनवर (ड्रॉइंगच्या आवृत्तीवर) बनलेला अख्खा लॉट एकदा आमच्या दारात उतरला. त्यानंतर तीन गोष्टी लावल्या. रिव्हिजनचं अक्षर फाइलच्या नावातही हवं. आय आणि ओ ही अक्षरं वापरायची नाहीत, ती एक आणि शून्यासारखी दिसतात. आणि काम सुरू करण्याआधी व्हेंडरने टायटल ब्लॉकचा फोटो परत पाठवायचा. पहिले दोन महिने पाठपुरावा करावा लागला, आता न मागता येतो. प्रोजेक्शनचं चिन्हही, म्हणजे जॉबच्या वेगवेगळ्या बाजूंची चित्रं फर्स्ट अँगल की थर्ड अँगल पद्धतीने मांडली आहेत ते सांगणारं, त्याच चौकटीत आहे. सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकन टेम्प्लेट निवडलं गेलं की थर्ड अँगल येतो आणि आपली माणसं फर्स्ट अँगल वाचतात, तेव्हा ते चिन्ह ठळक ठेवा. उजवा ब्रॅकेट डावा होऊन आला की वेल्डिंगनेही सुधारत नाही.

जमलं नाही ते सरफेस फिनिश, म्हणजे पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा ते लिहिणं. जुने टर्नर अजून ‘दोन त्रिकोण’ (फिनिशचं जुनं चिन्ह) म्हणतात आणि काम बरोबर करतात. शीटवर आरए ३.२ (खडबडीतपणाची सरासरी, मायक्रोमीटरमध्ये) लिहितो, बोलताना त्रिकोणच चालतात. आयएसओ २१९२० हे त्याहून नवं मानक आहे, पण त्याला आम्ही इतक्यात हात लावणार नाही.

कपाटातली जुनी ड्रॉइंग सगळी एकदम बदलायच्या फंदात पडू नका. आमची अजून निम्म्याहून जास्त तशीच आहेत. त्यांच्यावर फक्त ‘जुनी पद्धत, विचारून वापरा’ असा शिक्का आहे.